बास्केटबॉलच्या व्हिडिओ गेममधील वास्तवता आणि वातावरण : एक विवेचन

प्रथम संज्ञा निश्चित करू. प्रस्तुत विवेचनात ‘खेळ’ हा शब्द मैदानावर प्रत्यक्ष खेळल्या जाणाऱ्या बास्केटबॉलसाठी आणि ‘गेम’ हा शब्द पडद्यावरील त्याच्या अनुकृतीसाठी योजला आहे. खेळातील कारण आणि परिणाम यांचा परस्परसंबंध गेममध्ये अबाधित राहणे म्हणजे ‘वास्तवता’. खेळ ज्या प्रसंगाने वेढलेला असतो, त्या प्रसंगाचा प्रत्यय गेम खेळणाऱ्यास येणे म्हणजे ‘वातावरण’. पहिलीचा विषय कृती हा आहे, दुसऱ्याचा विषय कृतीभोवतीचा परिसर. सातारा किंवा सांगली येथील एखादा विद्यार्थी अमुक गेम ‘अगदी खऱ्यासारखा’ आहे असे म्हणतो, तेव्हा त्याला या दोहोंपैकी काय अभिप्रेत आहे हे सहसा विचारले जात नाही. दोन गेमांची तुलना बहुधा येथेच निष्फळ होते.

हे दोन गुण परस्परांपासून स्वतंत्र आहेत, हे आधी सिद्ध केले पाहिजे. मिडवे कंपनीचा १९९३चा ‘एनबीए जॅम’ घ्या. त्यात प्रत्येक संघात दोनच खेळाडू असतात, फाऊल दिला जात नाही, ढकलाढकली मुक्त असते आणि लागोपाठ तीन गोल करणाऱ्या खेळाडूच्या हातातील चेंडू पेट घेतो. वास्तवता जवळजवळ शून्य, तरीही सामन्याचा ज्वर त्यात पूर्णांशाने उतरला आहे. त्याहून जुने उदाहरण १९८३च्या ‘वन ऑन वन : डॉ. जे व्हर्सेस लॅरी बर्ड’ या गेमचे. त्यात जोरदार डंकने बोर्डाची काच फुटते, तेव्हा एक सफाई कामगार झाडू घेऊन मैदानात येतो, काचा गोळा करतो आणि खेळाडूवर चिडतो. या कामगाराचा गुणसंख्येवर काडीचाही परिणाम होत नाही. तो निव्वळ वातावरण आहे, आणि मोजक्या रंगांत काढलेल्या त्या पडद्यावर वातावरणाची गरज रचनाकारांनी इतक्या लवकर ओळखली होती, ही गोष्ट आदरपूर्वक नोंदवली पाहिजे. उलट बाजूने पाहायचे तर ‘एनबीए टूके’ मालिकेतील कोणत्याही गेममध्ये समालोचन आणि प्रेक्षकांचा आवाज पूर्ण बंद करावा. कारण-परिणामाची साखळी तीच राहते, प्रसंग मात्र नाहीसा होतो. म्हणजे एक गुण दुसऱ्याविना राहू शकतो. (या निष्कर्षास एक मर्यादा आहे, तिचा विचार शेवटी येईल.)

आता वास्तवतेचे प्रकार. ते चार आहेत : नियमविषयक, कालविषयक, देहविषयक आणि कार्यकारणविषयक.

नियमविषयक वास्तवता वरवर सर्वांत सोपी दिसते, परंतु तिच्यातच मोठा प्रश्न दडलेला आहे. महाराष्ट्रातील शालेय आणि महाविद्यालयीन स्पर्धा ‘फिबा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनी खेळल्या जातात, तर प्रमुख गेम अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक लीगच्या नियमांचे अनुकरण करतात. फिबाच्या नियमांत तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर असते, एनबीएत ती समोरून ७.२४ मीटरवर असते. फिबाचे क्वार्टर १० मिनिटांचे, एनबीएचे १२ मिनिटांचे. फिबात पाचव्या फाऊलला खेळाडू बाहेर जातो, एनबीएत सहाव्या. बास्केटच्या दिशेने मारलेला चेंडू रिंगवर आदळून तेथेच घोटाळत असेल, तर तो हाताने बाजूला सारण्याची मुभा फिबा देते. एनबीएत तेच कृत्य नियमबाह्य ठरते. म्हणजे सांगलीतील महाविद्यालयीन संघाच्या सेंटरला प्रशिक्षकाने जे मुद्दाम शिकवले, तेच एनबीएच्या नियमांवर चालणाऱ्या गेममध्ये त्याच्या संघाला गुणांच्या रूपाने महागात पडते. तरीही तो गेमला ‘खरा’ म्हणतो. यावरून एवढे निश्चित होते की, त्याच्या तुलनेचा आधार त्याचा स्वतःचा खेळ नाही. तो आधार कोणता, हे वातावरणाच्या प्रकरणात स्पष्ट होईल.

कालविषयक वास्तवतेची उपेक्षा सर्वाधिक होते. ४८ मिनिटांचा सामना खेळण्याइतका अवकाश फार थोड्यांना असतो, म्हणून गेममध्ये क्वार्टर सामान्यतः पाच-सहा मिनिटांवर आणले जाते. ही केवळ काटछाट नव्हे. फाऊल साचत नाहीत, राखीव खेळाडूंची गरज भासत नाही, चौथ्या क्वार्टरमध्ये पायांत उतरणारा जडपणा येत नाही. त्याची भरपाई करण्यासाठी थकवा वेगाने वाढवला, तर थकवा येतो खरा, पण चुकीच्या कारणाने येतो. काळ आखडला की अन्य तीनही प्रकार बाधित होतात. म्हणून गेमची परीक्षा पूर्ण कालावधीच्या सामन्यावरच घेतली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

देहविषयक वास्तवतेत प्रगती सर्वांत अधिक झाली आहे, तेव्हा तिच्याविषयी थोडक्यात. खेळाडूंच्या अंगावर खुणा लावून त्यांच्या हालचाली टिपण्याचे तंत्र दीर्घकाळ प्रचलित होते. २०२३च्या ‘एनबीए टूके २४’पासून प्रत्यक्ष सामन्यांच्या चित्रफितींतून हालचाली घडवण्याचे तंत्रही वापरात आले. परंतु टिपलेली हालचाल एकदा सुरू झाली की ती संपेपर्यंत खेळणाऱ्याचे नियंत्रण स्थगित होते. हे बंधन तोडून देहाचा ताबा सर्वस्वी खेळणाऱ्याच्या हाती देण्याचा प्रयत्न ईए स्पोर्ट्सने ‘एनबीए इलिट ११’मध्ये केला. २०१०मध्ये त्याचा नमुना प्रसृत झाला, तेव्हा लेकर्स संघाचा अँड्र्यू बायनम मैदानाच्या मध्यभागी दोन्ही हात पसरून निश्चल उभा राहिलेला दिसला, आणि पुढे तो गेमच रद्द झाला. ते साहस योग्य दिशेचे होते. त्याच्या अपयशातून एवढेच सिद्ध होते की देहाची सुंदर हालचाल आणि देहावरील सत्ता या भिन्न गोष्टी आहेत.

कार्यकारणविषयक वास्तवता हा या विषयाचा गाभा. चेंडू रिंगमधून का गेला, या प्रश्नाचे गेम काय उत्तर देतो? ‘टूके’ मालिकेच्या अलीकडील गेमांत बटण दाबून धरल्यावर एक पट्टी भरत जाते. योग्य क्षणी बटण सोडले की पट्टी हिरवी होते, आणि ती हिरवी झाली की गोल निश्चित. योग्य क्षणाची ही मर्यादा खेळाडूच्या कौशल्यांकानुसार आणि समोरच्या बचावपटूच्या अंतरानुसार रुंद किंवा अरुंद होते. कारणांची निवड अचूक आहे : कौशल्य, अडथळा, क्षण. परंतु त्यांच्या संयोगातून निश्चिती निर्माण करणे हे खेळाच्या स्वरूपाशी विसंगत आहे. खेळात चेंडू हातातून निर्दोष सुटला, तरी त्यातून संभाव्यताच निर्माण होते. स्टीफन करी हा फ्री थ्रोचा सर्वश्रेष्ठ नेमबाज, समोर कोणीही उभा नसताना, शंभरांपैकी नऊ-दहा वेळा चुकतो. ज्याने हिरवी पट्टी साधली त्याला कधीच चुकू न देणारा गेम त्याचे श्रम सन्मानित करतो, पण खेळातील अनिश्चिततेस पारखा होतो. याच्या दुसऱ्या टोकास ‘एनबीए जॅम’मधील एक गुप्त योजना आहे. त्याचे रचनाकार मार्क टर्मेल हे डेट्रॉईट पिस्टन्सचे चाहते. पिस्टन्सविरुद्धच्या अटीतटीच्या सामन्यात शिकागो बुल्सने अखेरच्या क्षणी मारलेले फटके चुकतील अशी तजवीज त्यांनी संगणक-आज्ञावलीत केली होती, आणि पुढे त्यांनी ती मान्यही केली. एकीकडे कारण अतिरेकी निश्चित आहे, दुसरीकडे ते दडवलेले आहे. दोन्हींत खेळणाऱ्याच्या कृतीचे फळ खेळाच्या न्यायाने मिळत नाही.

वास्तवतेचा विचार येथे थांबवून वातावरणाकडे वळू. त्याचे तीन प्रकार संभवतात : स्थलजन्य, प्रसंगजन्य आणि प्रक्षेपणजन्य. विशिष्ट मैदानाचा प्रत्यय तो स्थलजन्य. २००१च्या ‘एनबीए स्ट्रीट’ने न्यूयॉर्कमधील रकर पार्कसारखी उघडी मैदाने गेममध्ये आणली, ती या प्रकारात मोडतात. अंतिम सामना, जुने वैर, निवृत्त होणारा खेळाडू यांतून येणारा ताण प्रसंगजन्य. तिसऱ्या प्रकाराचे विवेचन विस्ताराने केले पाहिजे.

‘टूके’मध्ये सामना सुरू होतो तो केविन हार्लन यांच्या समालोचनाने. दृश्य सामान्यतः दिसते ते मैदानाच्या लांब बाजूस उंचावर ठेवलेल्या कॅमेऱ्यातून. खेळाडूच्या डोळ्यांतून नव्हे, आणि पहिल्या रांगेतील प्रेक्षकाच्याही डोळ्यांतून नव्हे. गोल झाला की संथ गतीतील पुनर्दर्शन येते. हे सारे दूरचित्रवाणीचे उपचार आहेत. याचा निर्णायक पुरावा २०२२च्या ‘एनबीए टूके २३’मधील ‘जॉर्डन चॅलेंज’मध्ये मिळतो. मायकेल जॉर्डनच्या कारकिर्दीतील १५ सामने त्यात पुन्हा उभे केले आहेत, आणि ते त्या काळचे दिसावेत म्हणून पडद्यावर तत्कालीन प्रक्षेपणाची फिकट, धूसर छटा चढवली आहे. १९८०च्या दशकात मैदानात बसलेल्या मनुष्यास सामना धूसर दिसत नव्हता. धूसर होता तो दूरचित्रवाणी संच. म्हणजे येथे अनुकृती सामन्याची केलेली नाही, सामन्याच्या चित्राची केली आहे. वर उपस्थित झालेल्या प्रश्नाचे उत्तर यात आहे : गेमला ‘खरा’ म्हणणारा सांगलीचा खेळाडू त्याची तुलना हिवाळ्यात पहाटे साडेपाच-सहाला भारतात दिसणाऱ्या एनबीएच्या थेट प्रक्षेपणाशी करीत असतो.

यातून परीक्षकाच्या अधिकाराचा प्रश्न येतो. वास्तवता तपासण्यास देहाची साक्ष लागते, वातावरण तपासण्यास उपस्थितीची. सातारा-सांगलीकडील महाविद्यालयाच्या आवारात सिमेंटच्या मैदानावर संध्याकाळी खेळणाऱ्या मुलास पहिला अधिकार पूर्ण आहे. रिंगची उंची येथेही ३.०५ मीटर, बचावपटूच्या हाताची आडकाठी येथेही तीच. शिवाय त्याच्या मैदानाची स्वतःची काही कारणे असतात. सिमेंटवर बारीक वाळू असली की वळताना बूट सरकतो. उघड्यावरील वारा लांबून मारलेला चेंडू हलवतो. रिंगला जाळी नसली, तर चेंडू आतून गेला की बाहेरून घासून गेला याचा निर्णय कानांनी करता येत नाही, आणि वाद होतो. गेममध्ये जाळीचा सळसळता आवाज हे यशाचे प्रमाण मानले आहे. या मुलाच्या अनुभवात ते प्रमाण पुष्कळदा अनुपस्थितच असते. मात्र एनबीएच्या भरलेल्या बंदिस्त मैदानाचे वातावरण खरे की खोटे, हे सांगण्याचा अधिकार त्याला नाही. ते त्याने विश्वासावर स्वीकारलेले असते. महाराष्ट्रात एनबीएचे सामने झाले ते ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी, मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांच्यात. पहिला सामना पेसर्सनी जादा वेळेत १३२-१३१ असा जिंकला, आणि त्या दिवशीचे प्रेक्षक प्रामुख्याने शाळकरी मुले होती. दोन्ही संघांसाठी सारख्याच उत्साहाने ओरडणारा तो समूह अमेरिकेतील कोणत्याही यजमान मैदानाशी जुळणारा नव्हता. एकाच खेळाची वातावरणे अनेक असू शकतात आणि गेम त्यांपैकी एकच प्रमाण मानतो, हे त्यावरून दिसते.

२०२०मध्ये तर गेम आणि प्रक्षेपण यांचा संबंध उलटा झाला. महामारीमुळे इंग्लंडमधील फुटबॉल सामने रिकाम्या मैदानांत खेळवले गेले, तेव्हा स्काय स्पोर्ट्सने प्रक्षेपणाला जो प्रेक्षकांचा आवाज जोडला, तो ईए स्पोर्ट्सच्या ‘फिफा’ गेममधील ध्वनिसंग्रहातून घेतला होता. ज्या प्रक्षेपणाचे अनुकरण गेमने केले, तेच प्रक्षेपण गेमवर अवलंबून राहिले. प्रक्षेपणजन्य वातावरण मैदानापासून किती विलग होऊ शकते याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण.

वरील विभागणी सर्वत्र लागू पडते का, हे तपासण्यास सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा स्वतःचा खेळ घेतला पाहिजे : कुस्ती. येथे परीक्षकाचा अधिकार बदलतो. पलूस तालुक्यातील कुंडलच्या मैदानात बसलेल्या मनुष्यास वातावरणाचे ज्ञान प्रत्यक्ष आहे : हलगी-घुमक्याचा ठेका, जोडीची पुकारणी, परस्परांच्या अंगावर टाकलेली माती, ध्वनिक्षेपकावरून पैलवानाच्या गावाचा आणि वस्तादाचा उच्चार. कुस्तीवर गेम रचायचा झाल्यास दूरचित्रवाणीची छटा येथे उसनी घेता येणार नाही. कुंडलचा प्रेक्षक ती तत्काळ नाकारील. वास्तवतेतही नवा घटक येतो, तो म्हणजे पृष्ठभाग. साताऱ्यातील कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडले. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये अपरिचित मॅटवर ते सहावे आले आणि १९५२मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकले. माती आणि मॅट यांत पायाची पकड वेगळी, पडण्याचा आघात वेगळा, म्हणून डावांची निवडही वेगळी.

आणि येथेच आरंभी सांगितलेली मर्यादा येते. मॅटवरील कुस्तीस तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुण असतात. मातीतील निकाली कुस्ती चितपटीवर संपते. दोन तुल्यबळ पैलवान दीर्घकाळ खडाखडी करीत राहतात. समूह प्रथम शांत असतो, मग चुळबुळतो, मग ओरडू लागतो; पंच पैलवानांना कुस्ती करण्याची ताकीद देतात आणि त्या दडपणाखाली एखादा पैलवान ज्या क्षणी टाकायचा नाही त्या क्षणी डाव टाकतो. येथे वातावरण परिसर म्हणून राहत नाही, ते कारणांच्या साखळीत शिरते. बास्केटबॉलच्या गेममध्ये प्रेक्षकांचा आवाज बंद केला तरी कारण-परिणाम तेच राहतात, असे आपण दाखवले. कुस्तीच्या गेममध्ये तसे करता येणार नाही. थकवा ज्याप्रमाणे क्षणाक्षणाने मोजला जातो, त्याचप्रमाणे मैदानातील समूहाचा संयमही मोजावा लागेल, आणि तो संपत आला की पैलवानाच्या हातून चूक होण्याची संभाव्यता वाढवावी लागेल.