लॅपटॉपच्या पोटातली तबकडी

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले वालूर हे गाव बारवांच्या अभ्यासकांना ठाऊक आहे, ते तिथल्या चक्राकार बारवेमुळे. पायऱ्या सरळ न उतरता विहिरीच्या कडेकडेने वळत पाण्यापर्यंत जातात. अशा घडणीच्या बारवा महाराष्ट्रात मोजक्याच आहेत. मधल्या काळात ही बारव गाळाने आणि केरकचऱ्याने बुजत आली होती. 2021 च्या सुमारास गावकऱ्यांनी ती उपसून मोकळी केली आणि 2022 मध्ये टपाल खात्याने महाराष्ट्रातील बारवांची जी चित्र-पोस्टकार्डे काढली, त्यांत तिला जागा मिळाली. कित्येक शतकांपूर्वीची ही वास्तू गाळ निघाल्याबरोबर पुन्हा वापरता आली, पाहता आली. त्यासाठी दुसरे कोणतेही यंत्र लागले नाही. उतरणाऱ्याचे पाय पुरले.

वालूरसारख्याच मराठवाड्यातल्या गावांत, घराघरांच्या लोखंडी कपाटांत आणि ट्रंकांत, दुसराही एक ठेवा पडून आहे. त्याचे वय जेमतेम वीस वर्षे. लग्नाच्या, बारशाच्या, अखंड हरिनाम सप्ताहातल्या कीर्तनाच्या, निवृत्त गुरुजींच्या निरोपसमारंभाच्या त्या सीड्या. त्यांच्यावर ओरखडाही नसेल, तरी त्या आज उघडत नाहीत, कारण त्या उघडणारे यंत्र घरातून गेले आहे. हे यंत्र म्हणजे तबकडीचा ट्रे असलेला लॅपटॉप. त्याचा इतिहास कोणी लिहिण्याजोगा मानलेला नाही. आम्हांला मात्र तो मराठी आवाजाच्या इतिहासातला एक छोटा पण निर्णायक अध्याय वाटतो.

आवाज टिकवण्याची सोय आपल्याकडे आली, ती काही जणांच्या दृष्टीने थोडी उशिरा. किर्लोस्कर मंडळीचे भाऊराव कोल्हटकर 1901 च्या फेब्रुवारीत गेले. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग 1902 च्या अखेरीस कलकत्त्यात उतरला आणि त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. अवघ्या दीड-दोन वर्षांचे अंतर. त्यामुळे भाऊरावांचा आवाज आपल्यापर्यंत केवळ वर्णनांतून पोचला आहे. भास्करबुवा बखले 1922 पर्यंत, अल्लादियाखाँ तर 1946 पर्यंत होते. त्यांच्या काळी यंत्र होते, पण त्यांची ध्वनिमुद्रिका नाही. यंत्र असणे आणि आवाज यंत्रात जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथेच लक्षात घ्यावे. लाखेच्या त्या तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटांचे गाणे मावे, आणि सुरुवातीच्या काळात इथे मुद्रित केलेले गाणे जर्मनीतल्या हॅनोव्हरला जाऊन, छापून परत येई. मुद्रण ही कंपनीची मिरास होती. घरच्या माणसाच्या हातात होते ते फक्त ऐकणे.

मराठवाड्याची कथा आणखी निराळी. हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि ग्रीअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या कक्षेतून हैदराबाद संस्थान वगळलेले होते. परभणीकडची बोली, तिचे हेल, तिच्यातली दख्खनीची मिसळ यांची तशी शास्त्रशुद्ध नोंद ज्या काळी इतर प्रदेशांत झाली, त्या काळी इथे झाली नाही.

घरच्या माणसाला मुद्रणाचे बटण मिळाले ते कॅसेटमुळे. फिलिप्सने 1963 मध्ये काढलेली ही वस्तू आपल्या गावांत खऱ्या अर्थाने पसरली ती 1980 नंतर. प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीते आणि आंबेडकरी जलशांची, भीमगीतांची परंपरा कॅसेटवरून वस्तीवस्तीत गेली, हे सर्वांस ठाऊक आहे. तितकेच महत्त्वाचे असे की, त्याच टेपरेकॉर्डरचे लाल बटण दाबून लोकांनी स्वतःचे आवाजही भरून ठेवले. कीर्तनकारासमोर टेपरेकॉर्डर मांडून बसलेला श्रोता हे सप्ताहातले नित्याचे दृश्य होते.

मग आली सीडी. 1982 मध्ये बाजारात आलेल्या या बारा सेंटिमीटरच्या तबकडीत सेकंदाला 44,100 वेळा मोजलेला आवाज असतो. मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट, एकूण चौऱ्याहत्तर मिनिटे. तिच्यावरची रेघ ग्रामोफोनच्या उलट, आतून बाहेर वळत जाते आणि उलगडली तर पाच किलोमीटरांहून लांब भरेल. 1993 च्या व्हीसीडीने याच तबकडीवर चित्र बसवले. चौऱ्याहत्तर मिनिटांत चित्रपट मावेना, म्हणून मराठी सिनेमा दोन तबकड्यांत येऊ लागला आणि मध्यंतराची जागा तबकडी बदलण्याने घेतली. पुढे मोझर बेअर या कंपनीने 2007 च्या आसपास व्हीसीडी अठ्ठावीस रुपयांना आणि डीव्हीडी चौतीस रुपयांना विकायला काढली. जगातल्या सर्वांत मोठ्या तबकडी-उत्पादकांपैकी ही एक भारतीय कंपनी. 2018 मध्ये ती अवसायनात निघाली. अकरा वर्षांत एका युगाचा भाव आणि शेवट असा दोन्ही आला.

या सगळ्या वाटा येऊन मिळाल्या त्या लॅपटॉपमध्ये. 2000 ते 2012 या काळातला साधारण लॅपटॉप डोळ्यांसमोर आणावा. एका कडेला सीडी वाचणारा आणि लिहिणारा ट्रे. दुसऱ्या कडेला दोन गोल छिद्रे, एक हेडफोनचे, एक माइकचे. काहींना व्हिडिओ कॅमेरा जोडण्याचे फायरवायरचे चिमुकले भोक. कॅसेट, कॅमेरा आणि तबकडी ही तिन्ही माध्यमे एकाच यंत्रात शिरू शकतील आणि एकातून दुसऱ्यात उतरवता येतील, असा हा पहिलाच सांधा होता. आणि तो कंपनीच्या स्टुडिओत नव्हे, नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या मुलाच्या पाठीवरच्या पिशवीत होता. दिवाळीला तो गावी येई तेव्हा हे सगळे यंत्रालय त्याच्याबरोबर येई. आजोबांच्या कॅसेटवरचा अभंग आणि आजीची जात्यावरची ओवी सीडीवर उतरवणे त्या चार दिवसांत शक्य होते.

किती जणांनी ते केले? फार थोड्यांनी, असेच म्हणावे लागेल. ज्यांनी केले त्यांच्याही वाटेत खाचा होत्या, आणि त्या यंत्राच्या रचनेतच होत्या. माइकचे छिद्र बहुधा एकाच वाहिनीचे असे आणि माइकला लागणारा बारीकसा विद्युत्‌दाब सोडत असे. टेपरेकॉर्डरची वायर त्यात सरळ खुपसली की आवाज फाटका उतरे. त्यासाठी हवे ते ‘लाइन-इन’ नावाचे तिसरे छिद्र लॅपटॉपवरून लवकरच नाहीसे झाले. मिनी-डीव्ही कॅमेऱ्यातल्या तासाभराच्या चित्रफितीला सुमारे तेरा गिगाबाइट जागा लागे आणि लॅपटॉपची सारी हार्ड डिस्क चाळीसची. तीन फिती भरल्या की यंत्र भरले. म्हणून फीत दाबून, आकसून व्हीसीडीवर उतरवली जाई आणि मूळ फितीवर पुढचे लग्न चित्रित होई. आज अनेक घरांत उरले आहे ते हे आकसलेले रूप. 352 बाय 288 ठिपक्यांतली वरात.

सर्वांत मोठी फसगत मात्र चव्वेचाळीस बाइटांची. गाण्याची सीडी लॅपटॉपमध्ये घालून विंडोजमध्ये उघडली की ‘ट्रॅक01.सीडीए’ अशा नावांच्या फाइली दिसत. त्या उचलून डेस्कटॉपवर टाकल्या की क्षणात नक्कल होई. ही फाइल म्हणजे गाणे नव्हे. तबकडीवर गाणे कोठे सुरू होते एवढेच सांगणारी ती चव्वेचाळीस बाइटांची चिठ्ठी. तबकडी आत असेतो गाणे वाजे, त्यामुळे नक्कल झाली असा समज पक्का होई. तबकडी हरवल्यावर उरे ती घर नसलेल्या पत्त्याची चिठ्ठी. गाणे खरोखर उतरवून घ्यायचे तर विंडोज मीडिया प्लेअरमधील ‘रिप’चे बटण दाबावे लागे, आणि त्यातही ‘कॉपी प्रोटेक्ट’ची खूण राहून गेली तर उतरलेली फाइल त्याच एका संगणकापुरती बांधली जाई. ज्या भाषेत हे सारे लिहिले होते ती वापरणाऱ्याची भाषा नव्हती, हेही विसरून चालणार नाही.

आणि तबकडीचा स्वभाव. कारखान्यात छापलेल्या सीडीत खड्डे प्लास्टिकमध्येच उमटवलेले असतात. घरी ‘राइट’ केलेल्या सीडीत तसे काही नसते. तिच्यात रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि लेसर तो ठिकठिकाणी बदलतो. ऊन आणि उष्णता हे त्या रंगाचे वैरी, आणि परभणीचा मे महिना कसा असतो हे सांगायला नको. शिवाय हा थर चकचकीत बाजूला नसून नावाच्या बाजूला, लाखेच्या नुसत्या पापुद्र्याखाली असतो. आपण सारे जण खालची चकचकीत बाजू जपत आलो आणि वरच्या बाजूवर बॉलपेन दाबून ‘चि. सौ. कां.’ लिहीत आलो.

सांधा सुटायला फार वेळ लागला नाही. ॲपलने 2008 मध्ये तबकडीविना मॅकबुक एअर आणला. विंडोज 8 ने 2012 मध्ये डीव्हीडी चालवण्याची अंगभूत सोय काढून टाकली. पाठोपाठ पातळ लॅपटॉपांची फॅशन आली आणि साडेबारा मिलिमीटर जाडीचा तो ट्रे अडगळ ठरला. माइक आणि हेडफोन यांची दोन छिद्रे एक झाली. गावातल्या मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळू लागली, तेव्हा तबकडीची आठवणही कोणाला उरली नाही. हे सगळे सोयीसाठीच झाले आणि त्याबद्दल गळा काढण्याचे आम्हांला कारण नाही. आमचे दुःख एवढेच की, सांधा उघडा असताना जे उतरवून घ्यायचे ते घेतले गेले नाही.

उतरवून घेतले तर काय होते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी 1980 नंतरच्या काळात जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून लाखभर ओव्यांचा संग्रह उभा राहिला. बर्नार्ड बेल यांनी 1990 नंतरच्या दशकात त्यातल्या कित्येक ओव्यांचे ध्वनिमुद्रण डॅट फितीवर केले, आणि ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यात आहे. प्वातवँ 2004 मध्ये गेले, राईरकर 2010 मध्ये. डॅटची यंत्रे बनवणे सोनीने 2005 च्या अखेरीस थांबवले. म्हणजे ज्या फितीवर हे सारे होते ती फीतही पोरकी झाली. पण तोवर आवाज फितीतून बाहेर काढून संगणकात नेलेले होते, आणि 2017 पासून ‘परी’ या संग्रहातून ते कोणालाही ऐकता येतात. परभणीकडच्या बाईचा हेल, श्वास घेण्याची तिची जागा, ओळीच्या शेवटी स्वर सोडून देण्याची लकब यांपैकी काहीही छापील ओवीत उतरले नसते.

कपाटातल्या सीड्यांचे काय, असा प्रश्न राहतो. यूएसबीने बाहेरून जोडायचा ड्राइव्ह अजून विकत मिळतो आणि तो आजच्या लॅपटॉपला चालतो; चित्र न दिसल्यास व्हीएलसी हे फुकट मिळणारे साधन बहुतेक सगळ्या तबकड्या उघडते. उतरवण्याचा क्रम मात्र मनाशी ठरवून घ्यावा. घरी वा स्टुडिओत ‘राइट’ केलेल्या सीड्या सर्वांत आधी, कारण त्यांचा रंग उडत चालला आहे आणि त्यांची दुसरी प्रत जगात कोठेही नाही. त्यानंतर कॅसेटी. दुकानातून आणलेले सिनेमे आणि गाणी सर्वांत शेवटी. ती राहिली तरी दुसरीकडे कोठेतरी सापडण्याची आशा आहे.