पक्ष्याच्या पायातली चिठ्ठी

पोळा झाला, गणपती गेले, की अमरावतीच्या वडाळी तलावावर शेपटी हलवत धोबी पक्षी येतो. मागोमाग अकोल्याच्या काटेपूर्णा धरणावर उत्तरेकडचे पाहुणे उतरतात. त्यातल्या एखाद्याच्या पायात नंबर घातलेली कडी असू शकते.

ही रीत १८९९ची. डेन्मार्कमधल्या मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने, आपल्या भोरडीच्या भाऊबंदांपैकी असलेल्या पक्ष्यांच्या पायात नंबर आणि पत्ता कोरलेल्या ॲल्युमिनियमच्या कड्या घालून ते सोडून दिले. आपल्याकडे हे काम मुंबईची बीएनएचएस करते. जाळ्यात पक्षी धरायचा, मोजमाप घ्यायचं, कडी घालून सोडायचं. विणीचा हंगाम सरताना यंदाचं पिल्लू ओळखू येतं, म्हणून त्याचं वयही नेमकं लिहिता येतं. पण सगळी मदार नोंदीवर. जागा-तारीख खोटी, तर कडी फुकट.

खोट्या नोंदीने काय होतं, ते आपल्या रानपिंगळ्याने भोगलं. १८८४ नंतर हे घुबड कुणाला दिसलंच नव्हतं. संग्रहालयात पेंढा भरलेले मोजून सात नमुने. जिवंत पक्ष्याच्या पायात कडी, तशी या नमुन्यांच्या पायाला चिठ्ठी. त्यातली एक चिठ्ठी म्हणे, हा पक्षी १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळाला. चिठ्ठी कर्नल माइनर्ट्झहागेन या बड्या इंग्रज पक्षीतज्ज्ञाची, मग शंका कोण घेणार? तिच्या भरवशावर गुजरातेत शोधणाऱ्यांना काहीच मिळालं नाही.

पुढे पामेला रासमुसेन यांनी तपासलं, तर तो नमुना डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला, संग्रहालयातून चोरलेला निघाला! ती चिठ्ठी बाजूला ठेवून त्या जुन्या खऱ्या जागांकडे वळल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला. तब्बल ११३ वर्षांनी! नंतर तो आपल्या मेळघाटातही सापडला.

आता आपलं सांगतो. एका पक्ष्याचा जुना फोटो 'आज सकाळी, मेळघाट' म्हणून मला आला आणि मीही न तपासता पुढे ढकलला. म्हणजे खोटी चिठ्ठी मीही बांधलीच की!

घरट्याची जागा लपवायची असेल तर खुशाल लपवा, पक्षी वाचतो. पण खोटी सांगू नका. आणि कडीचा पक्षी दिसला तर त्याला धरू नका. फोटो काढा, नंबर, जागा, तारीख जशीच्या तशी बीएनएचएसला कळवा.