आपोआपचा इतिहास

पैसे घेणाऱ्याला नेहमी घाई असते आणि देणाऱ्याला नेहमी सवड. पेढ्या, सावकार, बँका यांचा सारा इतिहास म्हणजे या घाईचे आणि सवडीचे भांडण. हल्ली बँकांनी त्यावर नामी तोड काढली आहे. देणाऱ्याला विचारायचेच नाही! क्रेडिट कार्डाचे बिल तारखेला खात्यातून आपोआप कापून घ्यायचे. याला 'ऑटो-पे' म्हणतात. पूर्वी न विचारता खिशातून पैसे काढणाऱ्याला वेगळे नाव होते, पण ते असो.

आपल्याकडची हुंडी आठवा. दर्शनी असेल तर दाखवताच पैसे, मुदती असेल तर ठरलेले दिवस भरल्यावर. पण दर्शनी झाली म्हणून मुनीम काही डोळे मिटून पैसे मोजत नसे. हुंडी उलटसुलट करून वाचायची, लिहिणाराचे अक्षर ओळखायचे, आणि पटली तरच 'सकारायची'. नाही पटली तर परत. पैसे चुकते झाले की हुंडीचा 'खोका' व्हायचा. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर 'सकारणे' हे क्रियापद होते आणि त्याला कर्ता लागायचा. 'आपोआप'ला कर्ता नसतो. त्यामुळे पुढे भांडायचे कोणाशी, हा प्रश्न पडतो.

आमच्या लहानपणी घरोघरी वाण्याची वही असे. पहिल्या तारखेला वाण्याचा माणूस ती घेऊन यायचा आणि आमचे वडील कानावरची पेन्सिल काढायचे. "गूळ दोन किलो? या महिन्यात कोणाचं लग्न होतं आमच्याकडे?" तो माणूस खाली बघायचा, आई आतून "एकच किलो आणला होता हो!" असे ओरडायची, आणि पेन्सिल एका आकड्यावरून फिरायची. मग चहा, मग पैसे. ती पेन्सिल म्हणजे आमच्या घरचे हायकोर्ट होते.

आता कार्डाकडे येऊ. 'क्रेडिट कार्ड' हे नाव एडवर्ड बेलामी या अमेरिकन लेखकाने 1888 सालच्या आपल्या 'लुकिंग बॅकवर्ड' या कादंबरीत वापरले. त्यात 2000 सालचे नागरिक कार्ड दाखवून वस्तू नेतात. पण त्यावर प्रत्येकाचा वर्षाचा वाटा आधीच जमा असतो. कादंबरीत काय, काहीही घडू शकते! खरे कार्ड आले ते 1950 साली न्यूयॉर्कमध्ये, डायनर्स क्लबचे. ते पुठ्ठ्याचे होते. हॉटेलात जेवा, सही करा, आणि महिनाअखेर सगळे बिल एकदम भरा. बिल कागदावर यायचे, म्हणजे पेन्सिलीला वाव होता.

1958 साली बँक ऑफ अमेरिकाने फ्रेस्नो गावात साठ हजार कार्डे पोस्टाने घरोघर धाडली, कोणी मागितलेली नसताना. लोकांनी ती वापरली आणि कित्येकांनी पैसे बुडवले. शेवटी 1970 मध्ये न मागता कार्ड पाठवायला तिथे कायद्याने बंदी आली. 1974 मध्ये तर अमेरिकन संसदेने त्याहून शहाणपणाचा कायदा केला: बिलातली एखादी रक्कम मान्य नसेल तर साठ दिवसांत लेखी कळवा, आणि चौकशी होईपर्यंत तेवढे पैसे देऊ नका. आमच्या वडिलांची पेन्सिलच म्हणा ना, पण संसदेने मंजूर केलेली.

गंमत अशी, की त्याच सुमारास दुसरीकडे ही पेन्सिल हातातून काढून घेण्याची तयारीही चालली होती. ब्रिटनमध्ये 1968 साली बँकांचा देवघेवीचा हिशेब कॉम्प्युटरवर आला, 1972 साली कॅलिफोर्नियात. तारीख झाली की यंत्र पैसे उचलणार. इंग्रज माणूस सावध; त्याने अशा वसुलीला हमी जोडून घेतली, की चुकून कापलेले पैसे बँकेने ताबडतोब परत करायचे. आपल्याकडे 1990 नंतरच्या दशकात ईसीएस आले, पुढे त्याची जागा नॅचने घेतली, आणि आपणही 'आपोआप'वाले झालो.

मध्यंतरी कोकणातल्या एका लॉजने आमच्या दोन रात्रींचे चार रात्री लावले. मी बिल बघताच बँकेला फोन केला. तक्रार नोंदली गेली, लांबलचक नंबर मिळाला. आणि देय तारखेला सगळी रक्कम, वादातल्या दोन रात्रींसकट, खात्यातून गेली! मी बँकेत गेलो. काउंटरवरची मुलगी गोड होती.

"काका, तक्रार चालू आहे ना."

"पण पैसे गेले की!"

"हो, ते ऑटो आहे."

"मग तक्रार कसली चालू आहे?"

"ती मॅन्युअल आहे, काका."

इतिहासाचा एवढा थोडक्यात सारांश मी दुसरीकडे वाचलेला नाही.

रिझर्व्ह बँकेलाही हे जाणवले असावे. 1 ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरून दरमहा आपोआप जाणाऱ्या पैशांना नियम लागू झाला: कापण्याआधी निदान चोवीस तास ग्राहकाला कळवायचे, आणि नको असेल तर त्याला थांबवता आले पाहिजे. म्हणजे पेन्सिल परत मिळाली, एक दिवसापुरती का होईना. पण खात्यातून होणाऱ्या आमच्या बिलाच्या वसुलीला तो नियम लागत नाही, असे त्या मुलीने सांगितले.

"मग हे ऑटो बंदच करा," मी म्हटले.

तिने खणातून फॉर्म काढला. दोन प्रती, तीन सह्या, पुढच्या देय तारखेआधी सात दिवस, आणि स्वतः हजर राहून. आपोआप बंद होण्याची सोय त्यात नव्हती. फॉर्म भरायला तिने मला पेन दिले. मी पेन्सिल मागितली, तर म्हणाली, "काका, पेन्सिल नाही चालत."