मासा थांबत नाही म्हणून

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५२ साली काढलेला एक फोटो आहे. काढणारा स्पेनच्या राजघराण्यातला, काउंट ऑफ माँतिथोन. फोटोत ओबेश नावाचा पाणघोडा मस्त ताणून पडलाय आणि गजांपलीकडून माणसं त्याच्याकडे बघताहेत. त्या काळात फोटो उमटायला बरेचदा काही सेकंद लागायचे. तेव्हा असा पडून राहणारा प्राणी म्हणजे फोटोग्राफरची चंगळच!

पुढच्याच वर्षी, १८५३ च्या मे महिन्यात, त्याच बागेत लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि इंग्लंडातल्या दिवाणखान्यांत काचेच्या टाक्या दिसू लागल्या. गंमत अशी की हीच वर्षं घरोघरच्या हौशी फोटोग्राफीचीही होती. एकाच दिवाणखान्यात कॅमेराही असू शकत होता आणि टाकीही. पण मासा काही ओबेशसारखा पडून राहत नाही. तो नुसता श्वास घेत जागेवर तरंगत असला तरी कल्ले आणि पर हलतच असतात. गॉसनी आपल्या पुस्तकासाठी शेवटी रंग-कुंचलाच हाती धरला.

त्याआधीची माशांची चित्रं तर बहुधा पाण्याबाहेर काढलेल्या माशांवरूनच केलेली असायची. आज जगभर टाक्यांमध्ये दिसणारा झेब्रा मासा मूळचा आपल्याकडचा. त्याचं शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात केलं. पण मेलेल्या माशाचा रंग तासाभरात उतरू लागतो आणि स्पिरिटच्या बाटलीत तर लाल-पिवळं काही फारसं उरत नाही. म्हणजे ज्या रंगासाठी लोक मासे पाळतात, तोच रंग कागदावर आणायचा तर मासा जिवंत आणि पाण्यातच हवा.

हे मनावर घेतलेल्या माणसांत विल्यम इनिस यांचं नाव मोठं. फिलाडेल्फियाचे हे गृहस्थ पेशाने छपाईवाले. त्यांचं 'एक्झॉटिक अ‍ॅक्वेरियम फिशेस' १९३५ मध्ये निघालं आणि पुढे कितीतरी वर्षं त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. मासे पाळायचे, त्यांचे फोटो काढायचे आणि ते छापायचे, सगळं एकाच माणसाच्या देखरेखीखाली. तेव्हा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातून एक चिमुकला, निळ्या पट्ट्याचा मासा नुकताच बाहेरच्या जगात आला होता. १९३६ मध्ये जॉर्ज मायर्स यांनी त्याचं नामकरण केलं आणि नावात इनिस यांचं नाव गुंफलं. तोच आपला निऑन टेट्रा. आता एखाद्या छपाईवाल्याचं नाव दुकानातल्या पिशवीपिशवीतून फिरत असतं, याची मला अजूनही मौज वाटते.

बरं, मासा थांबवायचा कसा? हौशी लोकांची जुनी युक्ती अशी: अरुंद टाकी घ्यायची, समोरच्या काचेमागे आणखी एक काच उभी सरकवायची आणि मधल्या बोटभर फटीत मासा सोडायचा. मग तो मागेपुढे जात नाही, फोकस सुटत नाही. जुन्या पुस्तकांतले ते अगदी बाजूने दिसणारे, सरळ रेषेत टांगल्यासारखे मासे बघितलेत ना? त्यातले बरेच असेच काढलेले. मला ही युक्ती कधीच आवडली नाही. घाबरलेला मासा फिका पडतो, पर अंगाशी मिटून घेतो. रंगासाठी त्याला कोंडायचं आणि कोंडलं की रंग जायचा!

याउलट फ्रान्सचे झाँ पेंलव्हे. समुद्रघोड्यांवरचा त्यांचा लघुपट १९३४ चा. समुद्रघोड्यात पिल्लं नराच्या पोटातल्या पिशवीतून बाहेर येतात आणि ती कधी येतील ते सांगता येत नाही. टाकीपुढे रात्रंदिवस कॅमेरा लावून बसताना डोळा लागला तर सौम्य विजेचा झटका बसावा, अशी सोय त्यांनी स्वतःसाठीच करून घेतली होती म्हणे. त्रास सोसायचाच तर फोटोग्राफरने सोसावा, हे मला पटतं. (झटका मात्र नको!)

खरी सुटका केली हॅरॉल्ड एजर्टन यांनी. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९३१ च्या सुमारास त्यांनी वायूच्या नळीतून विजेचा अतिशय अल्पकाळ टिकणारा लखलखाट घडवला. प्रकाशच इतका क्षणभंगुर की तेवढ्यात मासा हलतो कुठे? पुढे हा फ्लॅश स्वस्त होत घरोघर पोचला आणि मग काचेच्या फटीची गरज उरली नाही.

घरोघर म्हणजे आमच्या घरी नव्हे. ऐंशीच्या दशकात बाबांकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो, फोकस बदलायची सोय नाही, जवळचं काही स्पष्ट यायचं नाही. नातेवाईकांपैकी कित्येकांना आमची ती लोखंडी चौकटीची टाकी आठवत असेल. तिचा एकच फोटो अल्बममध्ये आहे: शेजारी शाळेच्या गणवेशात मी, टाकीत एक पांढुरका फराटा. तो आमचा गोल्डफिश. चार वर्षं जगला, पण त्याचा चेहरा कुणाकडेच नाही. बाबांनी फराट्याखाली शाईने तारीख मात्र लिहून ठेवलीये.

आता माझ्याकडे डिजिटल कॅमेरा आहे आणि रोलचा हिशोब नाही. खोलीतले दिवे बंद, टाकीचा वरचा दिवा चालू, काच आतून-बाहेरून पुसलेली, माझ्या अंगात काळा शर्ट (पांढरा घातला की काचेत मासे कमी आणि मीच जास्त!). कॅमेरा काचेला अगदी काटकोनात धरायचा. तिरका धरला की काच-पाण्यातून वाकलेला प्रकाश कडा फिसकटवतो. मग बसून राहायचं. पहिली दहा-पंधरा मिनिटं मासे कोपऱ्यात असतात, नंतर त्यांना माझा कंटाळा येतो आणि ते आपापल्या कामाला लागतात. दोनशे फोटोंतले चार बरे निघतात.

निऑनच्या निळ्या पट्ट्यात निळा रंग नसतोच. कातडीतल्या पेशींमध्ये सूक्ष्म स्फटिकांच्या चकत्यांची चळत असते आणि तिच्यावरून परतणारा प्रकाश आपल्याला निळा-हिरवा दिसतो. अंधारात चकत्यांमधलं अंतर बदलतं आणि पट्टा जांभळट, मंद होतो. परवा पहाटे टाकीचा दिवा लावल्या लावल्या काढलेला असाच एक फोटो मी घरच्यांना पाठवला. आत्याचा लगेच फोन, "अरे, मासे आजारी आहेत का?"

म्हटलं, नाही गं, अजून उठले नाहीयेत.