रोडाली : चाल व कर्तृत्व
नंदुरबार जिल्ह्यातील देहवाली भिल्लांचे पारंपरिक गीत. सातपुड्याच्या पायथ्याशी अक्कलकुवा-तळोदा भागात, तसेच सीमेपलीकडे गुजरातमधील सागबारा-डेडियापाडा परिसरात देहवाली बोलली जाते. त्यामुळे चालीचा माग राज्यसीमेपाशी सोडून चालत नाही. चाल ठरलेली, शब्द मात्र प्रसंगानुसार बदलते, तेव्हा एकच कर्ता शोधण्याचा हट्ट व्यर्थ होय. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या भिल्ली खंडात (१९०७) बोलींचे नमुने आहेत, स्वरलेखन नाही. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या बडोद्याच्या भाषा संस्थेच्या ‘ढोल’ नियतकालिकाने आदिवासी मौखिक साहित्य छापले. परंतु छापील संहितेत ताल आणि नाचाची पावले उतरत नाहीत. चालीच्या अभ्यासाला ध्वनिमुद्रणच हवे, तेही गावोगावचे.