श्वसनोपचार तंत्रज्ञ : प्रशिक्षण, पात्रता आणि मान्यता

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे 2021 मध्ये, वाराणसी येथील बनारस हिंदू विद्यापीठाच्या मैदानावर संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेने 750 खाटांचे तात्पुरते रुग्णालय उभारले. त्याला बनारस घराण्याचे दिवंगत ख्यालगायक पंडित राजन मिश्र यांचे नाव देण्यात आले. खाटा आणि व्हेंटिलेटर काही आठवड्यांत उपलब्ध करता येतात. ते हाताळणारे कुशल मनुष्यबळ मात्र तितक्या लवकर तयार होत नाही, हे त्या काळात देशभर जाणवले. जून 2021 मध्ये केंद्र सरकारने एक लाखाहून अधिक आरोग्य साहाय्यकांसाठी अल्पमुदतीचे अभ्यासक्रम सुरू केले. परंतु श्वसनोपचाराचे पूर्ण शिक्षण ही त्याहून दीर्घ प्रक्रिया आहे.

रुग्णाला योग्य प्रमाणात प्राणवायू देणे, वाफारा देणे, श्वासनलिकेतील स्राव काढणे, रक्तातील वायूंचे प्रमाण तपासणे आणि डॉक्टरांच्या सूचनेनुसार व्हेंटिलेटरचे नियंत्रण करणे, ही या तंत्रज्ञाची मुख्य कामे होत. येथे अचूकतेला फार महत्त्व असते. अमेरिकेत 861 गंभीर रुग्णांवर झालेल्या आणि 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रत्येक श्वासातील हवेचे प्रमाण शरीराच्या अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे 12 ऐवजी 6 मिलिलिटर ठेवल्यावर मृत्यूचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर आले. हे अपेक्षित वजन रुग्णाच्या उंचीवरून काढले जाते. 170 सेंटिमीटर उंचीच्या पुरुषासाठी ते 66 किलो, म्हणजे एका श्वासातील हवा सुमारे 400 मिलिलिटर भरते.

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजमधील दोन वर्षांच्या पदवीनंतर या व्यवसायात प्रवेश मिळू शकतो. भारतात मणिपाल, वेल्लोर आणि कोची येथील संस्थांमध्ये या विषयाचे स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम आहेत. बारावीला विज्ञान शाखा घेतलेल्या विद्यार्थ्यांना तेथे अर्ज करता येतो. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, फुप्फुसांच्या चाचण्या आणि संसर्गप्रतिबंध यांच्या अध्ययनानंतर अतिदक्षता विभागात प्रत्यक्ष काम करावे लागते.

देशात दीर्घकाळ या व्यवसायाला कायद्याची चौकट नव्हती. संसदेने 2021 मध्ये संमत केलेल्या राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत श्वसन तंत्रज्ञाचा समावेश आहे. सहयोगी आरोग्य व्यावसायिकाच्या प्रशिक्षणासाठी दोन ते चार वर्षांत किमान 2000 तासांची अट या कायद्यात घालण्यात आली असून, नोंदणीसाठी राज्य परिषदांची तरतूद आहे.

त्यामुळे काही महिन्यांत व्हेंटिलेटर तंत्रज्ञ बनविण्याचे आश्वासन देणाऱ्या जाहिरातींबाबत विद्यार्थ्यांनी सावध असावे. प्रवेशापूर्वी संस्थेची मान्यता, प्रशिक्षणाचे एकूण तास आणि संलग्न रुग्णालयातील अतिदक्षता विभाग या तीन बाबींची खातरजमा करावी. अपुऱ्या प्रशिक्षणाची किंमत अखेर रुग्णाला मोजावी लागते.