पुण्यातील महार-मांगांची शाळा : स्थापना आणि निर्वाह

एकोणिसाव्या शतकातील शिक्षणप्रसाराचा इतिहास आपल्याकडे बहुधा शाळांच्या स्थापनेचा इतिहास म्हणून लिहिला जातो. पहिली शाळा कोणी, कोठे आणि कोणत्या तिथीस काढली, याविषयी पुष्कळ खल होतो. परंतु ती शाळा पुढे कोणाच्या खर्चाने चालली, तिच्या पटावर किती मुले टिकली आणि मूळ प्रवर्तक दूर झाल्यावर तिचे काय झाले, हे प्रश्न मागे पडतात. पुण्यातील महार-मांगांच्या शाळेचा वृत्तान्त या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे.

या शाळेविषयीचा एक महत्त्वाचा पुरावा तिच्या संस्थापकानेच ठेवला आहे. लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी एक लेखी निवेदन सादर केले. आपण सुमारे १८५१ साली मुलींची शाळा काढली, त्या शाळेत आपण व आपली पत्नी यांनी अनेक वर्षे काम केले, आणि त्यानंतर वर्षभराने खालच्या वर्गांसाठी, विशेषतः महार-मांगांसाठी, एक मिश्र शाळा सुरू केली, असे त्यांनी तेथे नमूद केले आहे. पुढे या वर्गांसाठी आणखी दोन शाळांची भर पडली. मुलींच्या पहिल्या शाळेसाठी चरित्रकार १८४८ हे साल देतात व निवेदनात १८५१ च्या सुमाराचा निर्देश आहे. मध्यंतरी घर सोडावे लागल्यामुळे जोतीरावांच्या कार्यात पडलेला खंड लक्षात घेतला, म्हणजे या दोन सालांतील विसंगती फारशी उरत नाही.

शाळेतील अध्यापन नाममात्र नव्हते, याची साक्ष एका विद्यार्थिनीच्याच लेखनातून मिळते. मांग समाजातील मुक्ताबाई हिचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात प्रसिद्ध झाला. वेदांवर केवळ ब्राह्मणांचा अधिकार असेल तर आमचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने त्यात उपस्थित केला आहे, आणि पेशवाईत आपल्या लोकांनी सोसलेल्या छळाचेही वर्णन केले आहे. अक्षरओळखीबरोबर विचारशक्ती जागृत करणारे शिक्षण तेथे मिळत होते, एवढे अनुमान या निबंधावरून निश्चित काढता येते.

मात्र शाळेचा आर्थिक पाया दुर्बळ होता. कार्यकारी मंडळ, देणगीदार आणि सरकारी साहाय्य यांवर या चळवळीतील शाळांचा निर्वाह चाले. १८५७ च्या उठावानंतर युरोपीय देणगीदारांचा हात आखडला. नऊ-दहा वर्षे काम केल्यावर, ज्यांचा तपशील देण्याची आवश्यकता नाही अशा काही कारणांमुळे आपण त्यातून निवृत्त झालो, इतकेच जोतीराव निवेदनात सांगतात.

याच सुमारास सरकारी शाळांच्या दारापाशी दुसरा प्रश्न उभा राहिला. १८५६ साली धारवाड येथील सरकारी शाळेत प्रवेश नाकारला गेल्यामुळे एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने तो मान्य केला नाही. प्रकरण वरिष्ठांपर्यंत गेले आणि सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्या पाहिजेत, असे तत्त्व कंपनीच्या संचालकांनी १८५८ साली स्पष्ट केले. तत्त्व मान्य झाले. वर्गात बसण्याची जागा मात्र त्यामुळे मिळाली नाही.

या मान्यतेचे प्रत्यक्ष फळ काय, हे १८८२ च्या निवेदनावरून कळते. संपूर्ण पुण्यात पाच हजारांहून अधिक महार-मांग आदी लोकांसाठी एकच शाळा असून तिची हजेरी तीस मुलांच्याही आत आहे, असे जोतीराव लिहितात. त्या शाळेची स्थिती समाधानकारक नाही, असेही ते सांगतात. १८५० नंतरच्या दशकात जेथे तीन शाळा होत्या, तेथे तीस वर्षांनी एक उरली होती.

या ऱ्हासाचे खापर पालकांच्या अनास्थेवर फोडणे सोपे होते. जोतीरावांनी कारणे व्यवस्थेत शोधली. उच्च वर्णांच्या मुलांशेजारी बसू दिले जात नसल्यामुळे ही मुले इतर शाळांतून वगळली जातात. प्राथमिक शिक्षकांपैकी बहुतेक अप्रशिक्षित असून त्यांचा पगार क्वचितच दहा रुपयांवर जातो. आणि रयतेच्या श्रमांतून गोळा झालेला महसूल उच्च शिक्षणावर खर्ची पडतो, हे त्यांचे मुख्य आक्षेप होते. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, प्रशिक्षित शिक्षकास किमान बारा रुपये द्यावेत, मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेती आणि आरोग्य यांचे ज्ञान द्यावे, शिष्यवृत्त्या व बक्षिसे ठेवावीत, अशा त्यांच्या सूचना होत्या. प्राथमिक शाळांच्या खर्चाचा भार नगरपालिकांनी उचलावा, असाही त्यांचा आग्रह होता. १८७६ पासून काही वर्षे ते स्वतः पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्यामुळे या आग्रहामागे कारभाराचा अनुभव होता.

जेथे या वर्गांची संख्या पुरेशी असेल तेथे त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा असाव्यात, ही त्यांची मागणी वरवर पाहता विस्मयकारक वाटते. १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांना खुला करणाऱ्या पुरुषाने पृथक्‌ शाळा का मागाव्यात? याचे उत्तर त्या काळच्या वस्तुस्थितीत आहे. सामायिक शाळेचे दार कायद्याने उघडे आणि व्यवहारात बंद असताना, स्वतंत्र शाळा नाकारणे म्हणजे शाळाच नाकारणे होते. पुढे छत्रपती शाहू महाराजांनी १९१९ साली कोल्हापूर संस्थानातील अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम काढला. हे दोन निर्णय परस्परविरोधी दिसत असले तरी त्यांचा हेतू एकच होता. भेद होता तो आज्ञा अंमलात आणणाऱ्या सत्तेचा. शाहू महाराजांच्या हाती ती सत्ता होती. जोतीरावांच्या हाती केवळ निवेदन होते.

तात्पर्य, या शाळेचे अपयश तिच्या विद्यार्थ्यांचे नव्हते, किंवा संस्थापकांच्या निष्ठेचेही नव्हते. काही थोड्या व्यक्तींनी सुरू केलेले काम सार्वजनिक निधीने वेळीच आणि पुरेसे स्वीकारले नाही, हे त्याचे प्रमुख कारण होय. म्हणून अशा संस्थांचा अभ्यास करताना स्थापनेच्या दिनांकाइतकेच महत्त्व हजेरीच्या आकड्याला, शिक्षकाच्या पगाराला आणि खर्चाच्या तरतुदीला दिले पाहिजे. पाच हजार लोकवस्ती आणि तीसच्या आतील हजेरी, या दोन संख्यांमधील अंतर हाच या शाळेच्या इतिहासाचा खरा विषय आहे.